सापळ्याचं दुसरं तोंड

नामगुंगच्या सापळ्यात शेवटी त्याचे सासरे सापडले. उजवा हात, कोपरापर्यंत.

पण असं काही घडलंच नाही, हे दोन्ही घरांनी, एका सरकारी माणसाने आणि हेसोंग अपार्टमेंटच्या निम्म्याअधिक रहिवाशांनी मिळून ठरवलेलं आहे. इतक्या लोकांनी एकमताने ठरवलेल्या गोष्टीविरुद्ध जायची आपली काय टाप? तेव्हा वरची दोन वाक्यं आपण वाचलेली नाहीत. थोंगयंग गावात लिफ्टच्या देखभालीच्या कंपनीत नामगुंग नावाचे एक डेप्युटी मॅनेजर आहेत. त्यांनी परवाच्या शरद ऋतूत समुद्रात एक सापळा टाकला आणि मग तो वर काढला. झालं ते एवढंच. बाकी सगळं तपशिलात येतं.

नामगुंगचे सासरे म्हणजे आंदोंगचे निवृत्त हेडमास्तर क्वन थेसप. आंदोंग पडलं डोंगरातलं गाव. समुद्राचा मासा तिथे पोचेपर्यंत मिठात इतका मुरलेला असतो की त्याला स्वतःला आपण मासा असल्याचं आठवत नसावं. त्या गावात क्वन घराण्याची वंशावळ जाडजूड खंडांमध्ये बांधून ठेवलेली आहे, आणि हेडमास्तरांना ती मागून पुढे पाठ आहे. अशा माणसापुढे बसून नामगुंगने एके काळी त्यांच्या थोरल्या मुलीला, ह्येरानला, मागणी घातली होती. "काय करता?" असं त्यांनी विचारलं. नामगुंगने कंपनीचं नाव, हुद्दा, बढतीची शक्यता, सगळं सांगितलं. त्यातला 'लिफ्ट' हा एकच शब्द हेडमास्तरांनी उचलला.

जावयाला आडनाव लावून 'अमुक जावई' म्हणायची तिकडे पद्धत. धाकट्या मुलीचा नवरा दातांचा डॉक्टर, तो पहिल्या दिवसापासून 'बेक जावई' झाला. नामगुंग मात्र लग्नाला दहा-अकरा वर्षं होऊन गेली तरी 'लिफ्टवाले'च राहिला. "लिफ्टवाले, मुळ्याचं किमची इकडे सरकवा." "लिफ्टवाले, तुमच्याकडे पाऊस काय म्हणतो?" सणाला वाकून नमस्कार केला की, "हं, उठा लिफ्टवाले." एकदा नामगुंगला बढती मिळाली. ह्येरानने मुद्दाम फोन करून सांगितलं. हेडमास्तर म्हणाले, "वा. म्हणजे आता वरच्या मजल्यावर का?"

तर या हेडमास्तरांच्या ज्येष्ठ नागरिक केंद्रात शिन नावाचे एक गृहस्थ आहेत. त्यांनी समुद्रावर जाऊन एक भाकस पकडला. दोन्ही डोळे एकाच बाजूला घेऊन वाळूत पडून राहणारा तो चपटा मासा. पकडून खाल्ला असता तर कोणाचं काही म्हणणं नव्हतं. पण शिननी त्याला शाई फासली, त्याचा कागदावर ठसा उमटवला आणि तो चौकटीत घालून केंद्रात बरोबर हेडमास्तरांच्या खुर्चीसमोर लावला. तेव्हापासून हेडमास्तर चहा पिताना त्या माशाकडे बघायचे आणि मासा, दोन्ही डोळ्यांनी, हेडमास्तरांकडे.

"मी पुढच्या महिन्यात येतोय," त्यांनी फोनवर लेकीला सांगितलं. "मला भाकस पकडायचाय. शिनच्या भाकसापेक्षा मोठा. लिफ्टवाल्यांना सांग. समुद्र त्यांच्याच गावात आहे ना?"

मग सासूबाईंनी फोन घेतला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "जावईबापूंना सांग, एवढं जमवा. या वेळी म्हणतील हो ते 'जावई'. परवा झोपेत म्हणाले." जरा थांबून त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, "अर्थात ते बेकबद्दलही असेल."

नामगुंगने त्या दिवशी भात नीट खाल्ला नाही. 'नामगुंग जावई.' ऐकायला किती बरं वाटतं, हे त्याने आंघोळ करताना एकदा स्वतःच म्हणून पाहिलं होतं.

आता, समुद्राच्या गावात राहणं वेगळं आणि समुद्राशी ओळख असणं वेगळं. नामगुंगचा माशाशी संबंध थेट ताटात यायचा. म्हणून तो आपल्या हेसोंग अपार्टमेंटचे वॉचमन बांग यांच्याकडे गेला. बांग पूर्वी ट्रक चालवत, त्यामुळे जगातल्या सर्व विषयांवर त्यांना मत होतं.

"भाकस?" बांग म्हणाले. "साहेब, तो राजा माणूस आहे. मेलेलं खात नाही. गळाला जिवंत छोटा मासा लावायचा. तो तळमळला पाहिजे. आमिष जितकं तळमळेल तितका भाकस खूष."

"आणि जिवंत छोटा मासा कुठे मिळतो?"

"समुद्रात," बांग म्हणाले.

दुकानात गळाला लावायचे किडे होते, बर्फातले झिंगे होते, जिवंत छोटे मासे नव्हते. "ते ज्याचे त्याने धरायचे," दुकानदार म्हणाला आणि त्याने एक जाळीचा सापळा गळ्यात मारला. लोखंडी कड्यांवर जाळी ताणलेली, दोन्ही टोकांना आत निमुळतं होत जाणारं प्लॅस्टिकचं तोंड, आणि तोंडाच्या आतल्या कडेला मागे वळलेले प्लॅस्टिकचे दात. आत जायला मऊ, बाहेर यायला काटेरी. नामगुंगला त्यात आपल्या सासुरवाडीचा भास झाला, पण त्याने निमूट पैसे मोजले.

जेट्टीवर सापळा दोरीला बांधून सोडणार, एवढ्यात किनारा चौकीचा एक तरुण शिपाई नारिंगी जाकीट घालून आला.

"मासेमारीचा परवाना?"

"नाही हो. हौस म्हणून."

"हौसेला एकच तोंड," शिपाई म्हणाला. "दोन तोंडांचा सापळा फक्त परवानेवाल्यांना. हा घेऊन जा."

नामगुंग कायदा मानणारा माणूस. त्याने घरी येऊन एक तोंड जाड दोऱ्याने शिवून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परतताना पुन्हा जेट्टी गाठली. शिपायाने टाके बघितले, ओढून पाहिले, कौतुकही केलं. मग म्हणाला, "पण तोंड आहेच ना?"

"अहो, बंद आहे."

"तुम्ही आत्ता गप्प बसलात तर तुम्हाला तोंड नाही असं म्हणायचं का मी?"

यावर नामगुंग खरोखरच गप्प बसला. परत दुकानात जाऊन त्याने तसाच, पण एकतोंडी सापळा घेतला. त्याला मासे काढून घेण्यासाठी बुडाशी एक चेन होती. चेन म्हणजे उघडणारी जागा, आणि उघडणारी जागा म्हणजे उद्या कोणी तोंड मोजलं तर? त्याने तीही शिवून टाकली. आता मासे काढायचे तर सापळा उलटा धरून गोधडी झटकतात तसा बराच वेळ झटकावा लागणार होता. पण कायद्याच्या दृष्टीने सापळा निष्कलंक होता. शिपायाने त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि मान डोलावली. नामगुंगला बढतीच्या दिवशीही इतकं समाधान झालं नव्हतं.

सापळ्यात मासे यायचे तर आत काहीतरी वास मारणारं ठेवावं लागतं. म्हणजे आमिष पकडण्यासाठी आमिष. "बांगड्याची मुंडकी," बांग म्हणाले. "तीन दिवस उन्हात ठेवा, मग बघा." नामगुंगने ती बाल्कनीत ठेवली, मग बघितली नाहीत, नुसती पिशवीत भरली आणि लिफ्टने खाली नेली. पिशवीला तळाशी बारीकसं छिद्र होतं, हे त्याला जेट्टीवर कळलं. बाकी सगळ्यांना ते त्याआधीच कळलं होतं. प्रत्येक घरातल्या भिंतीवरचा स्पीकर खरखरला आणि सोसायटीच्या ऑफिसातला आवाज सगळ्या मजल्यांवर घुमला: "रहिवाशांना कळवण्यात येतं की लिफ्टमध्ये प्राणी मेला असल्याचा संशय आहे. लिफ्ट कंपनीला बोलावलेलं आहे."

लिफ्ट कंपनी म्हणजे नामगुंगची कंपनी. फोन नामगुंगच्या टेबलावर वाजला. त्याने आपल्याच हाताखालच्या दोन मेकॅनिकना पाठवलं, आणि त्यांनी लिफ्ट वर-खाली करते ती अख्खी विहीर तपासून 'प्राणी आढळला नाही, वास आढळला' असा अहवाल त्याच्याच सहीसाठी आणला. त्याने सही केली. सापळ्यात त्या दिवशी मुंडकी नव्हती आणि मासेही नव्हते. मुंडकी कोणीतरी खाऊन, तोंड पुसून, आल्या वाटेने निघून गेलं होतं.

"तरी मी म्हणत होते," ह्येरान म्हणाली. ती काहीच म्हणाली नव्हती, पण ती दमलेली होती, म्हणून नामगुंगने वाद घातला नाही.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं असं म्हणायला हरकत नाही. खरा घोटाळा केला तो सातव्या मजल्यावरच्या दोयुनच्या आईने.

"अहो, मुंडकी कसली घालताय?" ती लिफ्टमध्ये नाक धरून म्हणाली. "आमच्या गावी नदीत सापळा टाकायचे ना, तेव्हा आत जांग ठेवायचे. सोयाबीनचं. मासे असे वेडे व्हायचे! थांबा, मी माझं देते. तीन वर्षं मुरलेलं आहे. माझ्या नवऱ्यालासुद्धा मी ते रोज देत नाही."

आता जांग म्हणजे काय, हे ज्याच्या बाल्कनीत सोयाबीनचे गोळे आंबत घातलेले रांजण आहेत त्याला सांगायला नको. ते तपकिरी, खारट, उग्र वाटण ही तिकडे घराची अब्रू असते. मुलगी दिसायला कशी आहे हे एक वेळ चालवून घेतील, पण 'त्यांच्याकडचं जांग जरा पातळच' हे वाक्य एकदा बाहेर पडलं की तीन पिढ्या पुसलं जात नाही. नामगुंगला हे सगळं जन्मापासून माहीत होतं. आणि तरीही तो म्हणाला, "वा! द्या की." इतका सापळा त्याच्या डोक्यात गेला होता.

दोयुनच्या आईचं जांग कांद्याच्या जाळीदार पिशवीत घालून सापळ्यात टांगलं गेलं. संध्याकाळी आत एक तारामासा निघाला.

"काय, आले का?" तिने लिफ्टमध्ये विचारलं. लिफ्टमध्ये आणखी चार बायका होत्या.

इथे खोटं बोलायला हवं होतं. पण नामगुंग दमून आला होता, आणि दमलेला माणूस प्रामाणिक असतो. "एक तारामासा आला," तो म्हणाला.

चौथ्या मजल्यावर उतरताना एक बाई हळूच म्हणाली, "तारामासा मेलेलंबिलेलंच खातो ना हो?" आणि दार बंद झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नामगुंगच्या दाराच्या मुठीला एक पिशवी लटकत होती. आत वाटी, वाटीत जांग. नवव्या मजल्यावरच्या प्यो आजींचं. बरोबर निरोप: 'आता खरं जांग घालून बघ बाळा.' प्यो आजींच्या जांगाला खेकडे आले, भरपूर. त्यावर बिल्डिंगच्या ग्रुपवर दोन तट पडले. खेकडा चोखंदळ असतो असं आजींचा पक्ष म्हणाला. खेकडा काहीही खातो, आमच्या भाच्याचा बूट खाल्ला होता, असं दोयुनच्या आईने फोटोसकट टाकलं. मग रोज वाट्या यायला लागल्या. तिसऱ्या मजल्याची वाटी, बाराव्या मजल्याची वाटी, शेजारच्या बिल्डिंगमधून कोणीतरी अख्खं मडकंच पाठवलं. सापळा एक, तोंड एक, आणि जांगं इतकी की नामगुंगला पाळ्या लावाव्या लागल्या. कोणाचं जांग शनिवारी लागणार आणि कोणाचं आडवारी, यावरून बाराव्या मजल्याने तिसऱ्या मजल्याशी बोलणं टाकलं.

आणि आलेली वाटी रिकामी परत करायची नसते, हे वेगळंच. ह्येरान रोज काहीतरी तळून, उकडून, वाट्या भरून मजले चढत-उतरत होती.

"अहो," ती एकदा पायरीवरच बसून म्हणाली, "एक मासा घरात नाही, आणि मी मात्र अख्ख्या बिल्डिंगला जेवायला घालतेय. तुम्ही मासे धरताय की मला?"

"बाबा एकदा 'जावई' म्हणाले की संपलं."

"ते 'लिफ्टवाले' म्हणतात तर काय अंगाला भोकं पडतात?"

भोकं पडत नव्हती. पण दरवर्षी सणाला जेवायला बसल्यावर तो बेकच्या शेजारी बसायचा, आणि पलीकडून "बेक जावई, हा तुकडा घ्या" असं आलं की त्याचाही हात नकळत ताटाकडून जरा पुढे जायचा आणि मग परत यायचा. एवढंच. हे बायकोला सांगण्यासारखं नव्हतं.

ह्येरानने त्याच्या त्या हाताकडे पाहिलं असावं, कारण ती उठली आणि म्हणाली, "बाल्कनीत मागे आईचं जांग आहे. जुनं. ते घाला. निदान त्याची वाटी परत करावी लागणार नाही."

सासूबाईंनी कधीतरी पाठवलेला रांजण खोक्यांच्या मागे होता. तळाशी अर्धा-एक मूठ उरलं होतं, जवळजवळ काळं पडलेलं. नामगुंगने ते सगळं खरवडून घेतलं. दुसऱ्या दिवशी हेडमास्तर यायचे होते.

रविवारी सकाळी जेट्टीवर मंडळी जमली. हेडमास्तर नवी कोरी टोपी आणि खिसेच खिसे असलेलं जाकीट घालून आले होते. सासूबाई घडीच्या स्टुलावर डबे मांडीवर घेऊन बसल्या. दोयुनची आई आणि प्यो आजी 'सहज फिरायला' आल्या होत्या, दोघी एकमेकींकडे पाठ करून. बांगही होते. ड्यूटी सोडून आले होते, पण रुबाब असा की ड्यूटीवरच आलेत.

"ओढा, लिफ्टवाले," हेडमास्तर म्हणाले.

नामगुंगने दोरी ओढली. सापळा जड लागला. पाण्यातून वर आला तेव्हा आत सगळं चमचमत होतं. बोटाएवढे, टवटवीत, तडफडणारे मासे, जाळी फाटेल इतके. बांग म्हणाले, "बाप रे! काय तळमळतायत!" नामगुंगने घाईघाईने सापळा पाण्याच्या टबात ठेवला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सासऱ्यांच्या डोळ्यांत बघितलं. सासऱ्यांचे डोळे मऊ झाले होते. ओठ हलले. "ना..." असं ते म्हणायला लागले होते. हे ह्येराननेही ऐकलं. 'ना' हे नामगुंगमधलंच होतं, दुसरं काही असूच शकत नव्हतं.

"कोणाचं घातलं होतंत हो?" दोयुनची आई मधेच म्हणाली.

हेडमास्तरांचं वाक्य तुटलं. "काय कोणाचं?"

"जांग. आत ते पिशवीत आहे ना."

हेडमास्तर वाकले. त्यांनी नाक जाळीला लावलं. मग सापळ्याच्या तोंडातून दोन बोटं घालून त्यांनी पिशवीवरून फिरवली, बाहेर काढली आणि चाटली.

"बाबा, थुंका!" ह्येरान ओरडली.

बाबा थुंकले नाहीत. त्यांनी डोळे मिटले. एक समुद्रपक्षी ओरडून गेला. "जरा जास्त खारट झालंय," ते हळूच म्हणाले, "पण हे आमच्या घरचं आहे." मग एकदम डोळे उघडून बायकोकडे वळले. "हे आपलं आहे! मग मी दोन वर्षं काय खातोय?"

सासूबाई समुद्राकडे बघायला लागल्या.

"मी विचारतोय, काय खातोय?"

"दुकानातलं," सासूबाई समुद्राला म्हणाल्या. "गुडघे दुखतात माझे. उखळापाशी बसवत नाही."

"मी दोन वर्षं म्हणतोय चव गेली, चव गेली, आणि तू म्हणायचीस तुमची जीभ गेली!"

"मग? जीभ गेली असती तर बरं नसतं का झालं?"

हेडमास्तरांनी बाही सारली, हात कोपरापर्यंत सापळ्यात घातला आणि ती पिशवी मुठीत धरली. घराण्याचं शेवटचं जांग माशांच्या तोंडून सोडवणं हे त्यांना त्या क्षणी कर्तव्य वाटलं असावं. मग हात मागे ओढला. तो आला नाही. प्लॅस्टिकचे मागे वळलेले दात मनगटावर बसले.

"बाबा, मूठ उघडा," नामगुंग म्हणाला.

"नाही उघडणार."

"मूठ उघडली की हात येईल."

"आणि जांग?"

"ते आतच राहील."

"मग हातही राहू दे," हेडमास्तर म्हणाले.

प्यो आजींनी तीळतेल लावायला सांगितलं. दोयुनच्या आईने गार पाणी. बांगनी ट्रकचा एक किस्सा सांगितला, त्यात शेवटी चाक कापावं लागलं होतं. नामगुंग चेनकडे धावला, तर चेन त्याने स्वतःच कायद्याच्या धाकाने शिवून ठेवलेली, आणि टाके तर इतके घट्ट की त्या शिपायानेसुद्धा कौतुक केलेलं. मासे सासऱ्यांच्या हाताभोवती गोल गोल फिरत होते आणि अधूनमधून मुठीला तोंड लावत होते. "चावतायत हो!" हेडमास्तर म्हणाले. "लिफ्टवाले, काहीतरी करा!"

तेवढ्यात नारिंगी जाकिटातला शिपाई आला. त्याने दृश्य बघितलं, खिशातून वही काढली, मग कंबरेची मोठी कात्री काढली, आणि आधी काय करावं याचा विचार करून वही उघडली.

"सापळा कोणाचा?"

"माझा," नामगुंग म्हणाला.

"आत कोण?"

"हे... आंदोंगहून आलेत."

"आजोबा, हे तुमचे कोण?"

"लिफ्टवाले," हेडमास्तर दात आवळून म्हणाले.

"नातं विचारलं मी."

"ओळखीचे आहेत."

"अनोळखी माणसाच्या सापळ्यात हात घातला तर ती चोरी होते, आजोबा. ओळखीच्या माणसाच्या सापळ्यात घातला तरी चोरीच. घरच्या माणसाच्या सापळ्यात घातला तर अपघात. काय लिहू?"

हेडमास्तरांनी हात एकदा ओढून पाहिला. दात आणखी बसले. त्यांनी बायकोकडे बघितलं. ती अजून समुद्राकडेच बघत होती.

"जावई," ते म्हणाले.

"काय?"

"जावई! जावई आहे हो माझा! थोरल्या मुलीचा नवरा! नामगुंग जावई! आता कापा!"

शिपायाने 'जावई' असं लिहिलं आणि जाळी कापली. मासे चहूकडे उडाले, टबातून जेट्टीवर, जेट्टीवरून समुद्रात, आणि क्षणात सगळं आमिष, तळमळीसकट, आपल्या घरी गेलं. बांग हताशपणे दोन हातांत एक धरून होते, तोही सटकला. नामगुंगला यातलं काही दिसलं नाही. तो जेट्टीवर चक्क खाली बसला होता आणि ह्येरान त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"आता," शिपाई म्हणाला, "सापळ्याला दोन तोंडं झाली."

"ते तुम्ही पाडलंत!" ह्येरान म्हणाली.

"कोणी पाडलं हा रकाना नाहीये. तोंडं किती एवढाच आहे. साहेब, दंड होईल. सापडलेल्या व्यक्तीचं नाव?"

"क्वन थेसप. आंदोंग," हेडमास्तर मनगट चोळत म्हणाले. मूठ त्यांनी अजून उघडली नव्हती.

शिपायाचं पेन थांबलं. "आंदोंगचे क्वन? कोणती शाखा?"

हेडमास्तरांनी शाखा सांगितली. शिपायाने जाकिटाची चेन खाली ओढली. आतल्या गणवेशावर नावाची पट्टी होती: क्वन. मग त्याने पिढी विचारली. हेडमास्तरांनी पिढी सांगितली. शिपायाने आपली सांगितली. हेडमास्तरांचा चेहरा बदलत गेला. वंशावळ मागून पुढे पाठ असण्याचा तोटा असा, की तिच्यात पळवाट शोधता येत नाही. पोरगा ह्येरानपेक्षाही लहान होता, पण पिढीच्या हिशेबाने त्यांच्या वडिलांच्या बरोबरीचा.

हेडमास्तर जेट्टीवर सरळ उभे राहिले आणि मनगटात अडकलेल्या प्लॅस्टिकच्या कड्यासकट कमरेतून वाकले.

"काका," ते म्हणाले, "मी आपल्याला ओळखलं नाही."

"असू दे, पुतण्या," काका संकोचून म्हणाला.

"काका, घराण्यातला माणूस सापळ्यात सापडला, असं सरकारी कागदावर कायमचं राहणं बरं दिसेल का?"

काकाने विचार केला. वडीलधारेपण त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू चढत गेलं. "नाही दिसणार," तो म्हणाला, आणि वहीतलं ते पान फाडून त्याने बारीक तुकडे केले. "काही झालेलं नाही. दंडही नाही. सगळ्यांनी ऐकलं ना?"

सगळ्यांनी ऐकलं. दोयुनची आई आणि प्यो आजी यांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एका सुरात मान डोलावली, कारण ज्या सकाळी काही झालंच नाही त्या सकाळी तिसऱ्याच कोणाचं जांग जिंकलं, हेही झालेलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर गाडीत हेडमास्तर मागच्या सीटवर मूठ नाकाशी धरून बसले होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "लिफ्टवाले, काच जरा खाली करा."

नामगुंगने काच खाली केली.

घरी आल्यावर ह्येरान म्हणाली, "अहो, म्हणाले की ते."

"कधी?"

"तेव्हा."

"तेव्हा काही झालंच नाही," नामगुंग म्हणाला आणि टेबलाशी बसला. कंपनीच्या कामामुळे त्याला अर्ज लिहायची सवय होती.

'माननीय प्रमुख, किनारा चौकी, यांच्या सेवेशी. महोदय, गेल्या रविवारी सकाळी मी जेट्टीवर दोन तोंडांचा सापळा बाळगल्याचा गुन्हा केला असून, आपल्या चौकीच्या कर्मचाऱ्याने दयाळूपणे त्याची नोंद रद्द केली, हे माझ्यावर अन्यायकारक आहे. सबब सदर नोंद पूर्ववत करावी, दंड शक्य असल्यास दुप्पट आकारावा, सापडलेल्या इसमाने "नातं" या रकान्यात स्वमुखाने दिलेलं उत्तर जसंच्या तसं ठेवावं, आणि त्या रकान्याची शिक्क्यासह एक प्रत अर्जदारास मिळावी. सापडलेल्या इसमाची त्यास हरकत राहील, तिची दखल घेण्यात येऊ नये. तरी माझ्यावर लवकरात लवकर कारवाई व्हावी, ही नम्र विनंती. कळावे. आपला, नामगुंग जावई.'